चार बोटांचं अंतर

काय बालमित्रांनो, डबा खाऊन झाला का? मग या असे जवळ. आज एक गुपित सांगायचंय. पण आधी गळ्याची शपथ घ्या, कुणाला म्हणजे कुणाला सांगणार नाही!

बघा, एवढं म्हटल्याबरोबर कान टवकारले की नाही? आणि घरी गेल्यावर दप्तर टाकायच्या आधी तुम्ही काय कराल, तेही मला ठाऊक आहे. म्हणून आज गुपित नाहीच. आज गप्पा मारू या गुपिताच्या थोरल्या बहिणीबद्दल. गुपित निदान दबक्या आवाजात तरी चालतं. ही बाई मात्र ढोल वाजवत फिरते. तिचं नाव अफवा.

परवा पावसामुळे खेळाचा तास वर्गातच घ्यावा लागला, म्हणून आम्ही कानगोष्टींचा खेळ खेळलो. पहिल्या बाकावरच्या मुलाच्या कानात मी सांगितलं, "पाटलांची म्हैस तळ्यात बसली आणि गुराखी काठावर रडला." बत्तीस कानांतून फिरत फिरत हा निरोप शेवटच्या बाकावर पोचला. तिथला पठ्ठ्या उभा राहिला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "पाटील तळ्यात बसले आणि म्हैस काठावर हसली!"

वर्गात हशा पिकला. पण गंमत म्हणजे, खोटं कुणीच बोललं नव्हतं. प्रत्येकानं ऐकलं ते प्रामाणिकपणे पुढे सांगितलं. जिथे नीट ऐकू आलं नाही तिथे आपल्या पदरचा एखादा शब्द घातला, एवढंच. परातलं एकेक पीस गोळा होत शेवटी कावळा तयार झाला. पराचा कावळा म्हणतात तो हाच, बरं का!

आमची आजी म्हणायची, "कान आणि डोळा यांच्यात चार बोटांचं अंतर असतं." लावून बघा बरं बोटं कानापासून डोळ्यापर्यंत. म्हणजे काय, तर ऐकलं ते लगेच खरं मानू नका, डोळ्यांनी बघा. चारच बोटं, पण ती ओलांडायचा आपल्याला भारी कंटाळा!

आता तुमच्यातले काही हुशार लोक म्हणतील, "बाई, हे सगळं मोबाइलमुळे झालं. पूर्वी असं नव्हतं." पालकमंडळी तर हे रोजच म्हणतात. चला तर मग, जरा पूर्वी जाऊन येऊ.

तारीख २१ सप्टेंबर १९९५, वार गुरुवार. मी तेव्हा तिसरीत होते. सकाळी दिल्लीतल्या एका देवळातून बातमी निघाली की गणपतीची मूर्ती चमच्यानं दूध पितेय. दुपारपर्यंत ती देशभर झाली, आणि पाठोपाठ समुद्र ओलांडून पार लंडनच्या देवळात पोचली. तिथेही दुधाच्या बाटल्या घेऊन माणसं रांगेत उभी!

मोबाइल? आपल्या देशात मोबाइलवरून पहिलं बोलणं झालं ते त्याच वर्षी, ३१ जुलैला. कोलकात्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांना फोन केला होता. म्हणजे गणपतीच्या दुधाच्या वेळी मोबाइल जेमतेम दोन महिन्यांचं तान्हं बाळ होता. आमच्या गावात तर घरचा फोनही दोनचार जणांकडेच. तरी बातमी पोचली. एस.टी.डी.च्या पिवळ्या पाटीखालून, एस.टी.च्या कंडक्टरकडून, पाणवठ्यावरून. संध्याकाळी मी आईचं बोट धरून वाटी घेऊन रांगेत उभी होते. माझा नंबर आला, चमचा सोंडेला लावला, आणि काय सांगू, दूध खरंच कमी झालं! मी अंगणभर नाचले.

मग दूध गेलं कुठे? शास्त्रज्ञांनी एक साधी युक्ती केली. दुधात रंग मिसळला. बघतात तर काय, रंगीत दुधाचा पातळ ओघळ मूर्तीवरून खाली उतरतोय! पांढऱ्या मूर्तीवर पांढरा ओघळ दिसत नव्हता, रंगीत दिसला. द्रवाच्या पृष्ठभागाला एक ताण असतो, त्याला पृष्ठताण म्हणतात. काठोकाठ भरलेला चमचा दगडाला टेकवून किंचित कलता केला, की दूध दगडाकडे ओढलं जातं आणि मग गुरुत्वाकर्षणानं खाली घसरतं.

खोटं वाटतं? मग घरच्या पाट्यावरचा वरवंटा उभा करा, ओला करा आणि चमचाभर पाणी लावून बघा. आमचा वरवंटासुद्धा पाणी प्यायला! (दूध लावू नका. वरवंट्याला चालेल, आईला चालणार नाही.)

एक सांगते हं. यात देवाला कुणी नाव ठेवायचं नाही. रांगेतली माणसं भाबडेपणानं आली होती, मीही होतेच की. चूक भक्तीत नव्हती. चूक होती ती "असं का होतंय?" हा प्रश्न विचारायचा राहून गेला, यात.

पुन्हा २००६ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत माहीमच्या किनाऱ्यावर बोंब उठली की समुद्राचं पाणी गोड झालं. झालं! माणसं बाटल्या, कॅन घेऊन समुद्रात. तो काठ किती घाण असतो ते तिथल्यांना रोज दिसतं, पण त्या दिवशी चव बघायला ओंजळी पुढे! पावसाळ्याचे दिवस, खाडीत नदीचं पाणी धो धो येऊन मिळत होतं, त्यामुळे खारटपणा उतरला होता. आणि त्या नदीचं नाव काय, ठाऊक आहे? मिठी! आता मिठी नदीचं पाणी मिळाल्यावर समुद्र मिठ्ठास लागला तर त्यात चमत्कार कसला? तो तर नावातच लिहिलेला.

आपणच भोळे आणि परदेशातले लोक शहाणे, असंही समजू नका. १८३५ सालच्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या 'सन' या वृत्तपत्रानं एक मालिका छापली. जॉन हर्शेल या मोठ्या खगोलशास्त्रज्ञानं प्रचंड दुर्बिणीतून चंद्र पाहिला म्हणे. तिथे काय काय दिसलं? गवे, एक शिंगाचे प्राणी, दोन पायांवर चालणारे आणि पिल्लांना कडेवर घेणारे बीव्हर, आणि सगळ्यांत कडी म्हणजे वटवाघळासारखे पंख असलेली माणसं! लोकांनी अंक वाचून वाचून फाडले. खरे हर्शेलसाहेब त्या वेळी आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला आकाश बघण्यात गुंग होते. तेव्हा टपाल जहाजानं जायचं, म्हणजे आपल्या नावावर काय खपतंय हे त्यांना बऱ्याच उशिरानं कळलं.

पुढे २३ ऑगस्ट २०२३ ला आपलं चंद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरलं. आमच्या शाळेतही आम्ही सगळ्यांनी ते उतरताना पाहिलं. शेवटच्या मिनिटाला वर्गात इतकी शांतता होती की पाल चुकचुकली तर ऐकू यावी! (एरवी हीच शांतता पाढ्यांच्या वेळी का नसते, हा माझा प्रश्न.) प्रज्ञान रोव्हरला तिथल्या मातीत गंधक सापडलं. पंखवाला माणूस काही भेटला नाही.

पण अफवाबाई चंद्रावरही आपल्याआधी पोचल्या होत्या! दुसऱ्याच दिवसापासून एक चित्र घरोघर फिरायला लागलं. राखाडी मातीवर अशोकस्तंभाचा सुंदर, ठसठशीत ठसा. "प्रज्ञानच्या चाकांनी उमटवलेला!" चित्र मलाही आलं, ऊर भरून आला. पुढे कळलं की ते एका कलाकारानं संगणकावर काढलेलं चित्र होतं. आता यातली खुबी बघा. प्रज्ञानच्या चाकावर अशोकस्तंभ आणि इस्रोचं बोधचिन्ह कोरलेलं होतं, हे अगदी खरं. म्हणजे दुधात पाणी घालावं तसं खऱ्यात खोटं मिसळलेलं. निव्वळ पाणी कुणी दूध म्हणून घेत नाही. म्हणून अफवेला चिमूटभर खरं लागतंच.

२००० रुपयांच्या नोटेचंही तसंच. नोव्हेंबर २०१६ मध्ये ती गुलाबी नोट आली, आणि तिच्या पाठोपाठ बातमी, की नोटेत एक चिप आहे आणि ती जमिनीखाली १२० मीटर पुरली तरी उपग्रहाला दिसते! रिझर्व्ह बँकेनं असं काही नाही म्हणून सांगितलं, तरी आमचे एक काका महिनाभर नोट दिव्यासमोर धरून चिप शोधत होते. मी म्हटलं, "काका, १२० मीटर म्हणजे तीस-पस्तीस मजली इमारतीएवढा खड्डा. तो खणायला नोटेपेक्षा जास्त मजुरी लागेल." काका रागावले. मे २०२३ मध्ये त्या नोटा चलनातून मागे घ्यायचं जाहीर झालं, तेव्हा काकांनी आपली नोट बँकेत दिली. जाताना तिला शेवटचं एकदा उजेडात धरलं म्हणे!

हसलात? हसा, हसा. कारण आता पुढची गोष्ट माझी आहे.

जुलै महिना. पाऊस लागून राहिलेला. रात्री पावणेअकराला माझ्या मोबाइलवर एक पत्र आलं. 'अतिवृष्टीच्या इशाऱ्यामुळे उद्या सर्व शाळांना सुट्टी.' वर बोधचिन्ह, खाली सही, बाजूला गोल शिक्का. मी पांघरुणात होते. बाहेर कौलांवर धाड धाड पाऊस. मनात म्हटलं, बरं झालं बाई! आणि अंगठा टेकवून ते पत्र वर्गाच्या पालकांच्या गटावर धाडून दिलं. वर शहाणपणानं लिहिलं, 'सर्व पालकांनी नोंद घ्यावी.'

सकाळी उठते तर लख्ख ऊन! चिमण्या अंगणात. साडेनऊला मुख्याध्यापक सरांचा फोन. "बाई, तुमच्या वर्गाला सुट्टी कुणी दिली?"

धावतपळत शाळा गाठली. बत्तीसपैकी अठ्ठावीस जागा रिकाम्या. पोषण आहाराच्या ताईंनी नेहमीसारखी पातेलंभर खिचडी टाकलेली. त्या कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत होत्या. बोलल्या काहीच नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

जी चार मुलं आली होती, त्यांतली एक ओढ्यापलीकडच्या वस्तीवरून चालत येते. तिच्या घरच्या मोबाइलचा रिचार्ज संपला होता, म्हणून बातमी पोचलीच नाही. तिनं विचारलं, "बाई, सगळे कुठे गेले?" मी आपली बाजू मांडायला मोबाइल पुढे केला. "हे बघ, पत्र आलं होतं. शिक्कापण आहे."

तिनं ते पत्र मी शिकवलं तसं वाचलं. वरून सुरुवात करून, एकेका अक्षरावर बोट ठेवत. आणि तिसऱ्याच ओळीला थांबली. "बाई, ही तारीख तर मागच्या वर्षीची आहे."

पत्र खरं होतं! सही खरी, शिक्का खरा. फक्त वर्ष जुनं. कुणीतरी मागच्या पावसाळ्यातलं पत्र पुन्हा पाठवलं आणि ते हातोहात फिरत माझ्यापर्यंत आलं. माझ्या चेहऱ्याकडे बघून ती बिचारी मला धीर द्यायला म्हणाली, "तुम्हीच सांगता ना बाई, आधी तारीख लिहा म्हणून. मी पण कधी कधी विसरते."

खिचडी त्या दिवशी आम्ही पाचजणांनी आणि दुसऱ्या वर्गांनी मिळून संपवली. मला वाटलं, चला, प्रकरण मिटलं. पण दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना एक आई दाराशी येऊन उभी राहिली. शेतावर रोजानं जाणारी. म्हणाली, "बाई, तुमचा निरोप आला म्हणून पोरांपाशी घरी थांबले. त्या दिवसाचा रोज बुडाला." रागानं नाही, सहज सांगावं तसं. "दुसऱ्या कुणाचा असता तर मी विचारून बघितलं असतं. पण बाईंनी धाडलंय म्हटल्यावर कशाला विचारायचं?"

मंडळी, त्या वाक्यानं मला जे शिकवलं ते डी.एड.च्या कुठल्याच तासाला शिकले नव्हते. आपण एखादी गोष्ट पुढे पाठवतो तेव्हा नुसती बातमी जात नाही, तिच्यामागे आपलं नाव जामीन राहतं. लोक बातमीवर विश्वास ठेवत नाहीत, ते पाठवणाऱ्यावर ठेवतात.

मी गटावर लिहिलं, 'कालचं पत्र जुनं होतं. न बघता पाठवलं. माझी चूक झाली.' आणि एक गोष्ट ध्यानात आली. ते खोट्या सुट्टीचं पत्र आमच्या गटातून आणखी किती गटांत गेलं होतं याचा पत्ता नव्हता, पण चुकीची कबुली पुढे पाठवली फक्त तिघांनी. खोट्याला पंख आणि खऱ्याला बैलगाडी!

बुडालेल्या रोजाचं दुःख आहेच, पण उद्या पुन्हा कामावर जाता येतं. काही नुकसान मात्र कशानंच भरून येत नाही. आता जे सांगणार आहे ते मोठ्या मुलांनी वाचा, आणि लहानांना पालकांनी जवळ बसवून सांगा. आपल्याच धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचं गाव आहे. १ जुलै २०१८ ला तिथे आठवड्याचा बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथे आले होते. त्या दिवसांत 'मुलं पळवणारी टोळी आलीय' अशा बातम्या मोबाइलवरून गावोगाव फिरत होत्या. जमावाला वाटलं, हेच ते. कुणी विचारलं नाही, थांबलं नाही. पाचही जणांचा जीव गेला. पळवलेलं मूल कुठेच नव्हतं. होती फक्त अफवा.

त्याच सुमारास देशभर एक चलचित्र फिरत होतं. मोटारसायकलवरून दोघं येतात आणि रस्त्यात खेळणाऱ्या मुलाला उचलून पसार होतात. बघून कुणाच्याही काळजाचं पाणी व्हावं. पण ते चलचित्र होतं पाकिस्तानातल्या कराचीचं. आणि तेही पालकांना सावध करण्यासाठी मुद्दाम केलेलं. त्यात पुढे तेच दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि 'मुलांकडे लक्ष ठेवा' अशा अर्थाचा फलक दाखवतात. कुणीतरी ते शेवटचं तेवढं कापून टाकलं होतं. बघा, एकही दृश्य खोटं नाही, आणि तरी सगळंच खोटं.

या सगळ्यानंतर, जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पुढे एप्रिल २०२० पासून, फार वेळा फिरून आलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. असल्या निरोपावर दोन बाण दिसतात. ते दोन बाण दिसले की समजावं, हा शेवटच्या बाकावरून आलेला निरोप आहे. म्हैस काठावर हसत असणार!

आजीची म्हणही आता थोडी वाढवायला हवी. ती म्हणायची, ऐकू नका, बघा. पण आता बघूनही फसायला होतं. मार्च २०२३ मध्ये त्या वेळचे पोप फ्रान्सिस यांचा पांढऱ्याशुभ्र, फुगीर, एकदम झोकदार कोटातला फोटो जगभर गाजला. काय ऐट! पण पोपनी तसा कोट घातलाच नव्हता. तो फोटो कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रानं बनवलेला होता. आवाजाचीही हुबेहूब नक्कल आता यंत्राला करता येते. म्हणजे कान फसवतो आणि डोळाही फसवतो. मग भरवसा कशावर ठेवायचा?

त्या आजीच्या चार बोटांवरच! आम्ही वर्गात ठरवलंय. काहीही आलं की आधी हाताची चार बोटं उघडायची. पहिलं बोट : कोणी सांगितलं? 'कुणीतरी' हे उत्तर चालणार नाही. दुसरं बोट : कधीचं आहे? (हे बोट मी आता जरा जास्तच जोरात उघडते.) तिसरं बोट : कुठलं आहे? कराचीचं आहे की कराडचं? आणि चौथं बोट : कशावरून? आणखी कुणी जबाबदार माणसानं सांगितलंय का, दुधात रंग घालून कुणी बघितलंय का? चारही उत्तरं मिळाली तरच पाचव्या बोटाची पाळी. पाचवं कुठलं? अहो, ज्यानं 'पाठवा' दाबतात तो अंगठा! एकाही बोटाचं उत्तर नसेल, तर अंगठा मुठीत.

ओढ्यापलीकडून येणाऱ्या त्या मुलीला आम्ही आता वर्गाची 'तारीखमंत्री' केलंय. फळ्यावर रोजची तारीख तीच लिहिते, आणि मी मोबाइल काढला की लांबूनच विचारते, "बाई, बघितलीत का?"

आता अभ्यास. घरात सगळ्यांना गोल बसवून कानगोष्टींचा खेळ खेळा. आजी-आजोबांपासून सुरू करा आणि शेवटी बाबांना बसवा. पहिला निरोप काय होता आणि बाबांनी काय सांगितलं, ते दोन्ही वहीत लिहून काढा. आणि पालकहो, मुलांनी चार बोटं तुमच्यासमोर उघडली तर रागावू नका. माझ्यासमोर रोज उघडतात.

आणि हो, वहीत लिहिताना आधी काय लिहायचं, ते सांगायला नकोच.

तुमच्या,
बाई